गाडी गेली की कूस बदला

माझं काम काय आहे हे कळलं की समोरचा माणूस जेवणाचं ताट जरा लांब सरकवतो. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मावशी हमखास विचारते, "काय करतेस गो तू?" मी सांगते, नर्स आहे, घरोघर जाऊन जखमा बघते. "कसल्या जखमा?" पडून पडून झालेल्या, बेडसोअर. की मावशींची जिलेबी हातातच राहते. म्हणून संपादकांनी या दिवाळी अंकासाठी लिही म्हटल्यावर मी आधी हेच विचारलं, लोक हे फराळ करताना वाचणार ना? ते म्हणाले, लिही गं, लोक चकली खाता खाता बातम्यासुद्धा बघतात. तर लिहितेय, मोबाईलवर, दोन व्हिजिटांच्या मधे, स्कूटीवर बसून. सांगायचं खूप आहे आणि अंगठे दोनच.

पेणच्या एका डॉक्टरांकडे मी पाच वर्षं आहे. दवाखान्यात कमी, रस्त्यावर जास्त. पेणपासून रोह्यापर्यंत जिथे कुणी अंथरुणाला खिळलंय तिथे मी जाते. गडबच्या पुढचे खड्डे मला पाठ आहेत, आणि कुठल्या घरचा कुत्रा खरंच चावतो तेसुद्धा.

आधी बेडसोअर म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आता वाचताना तुमच्या अंगठ्याचं नख दाबा. पांढरं झालं ना? रक्त बाजूला गेलं. सोडा, परत गुलाबी. आपण झोपेतसुद्धा सारखे कूस बदलतो, कारण कुठेतरी दुखतं, मुंग्या येतात, अंग आपोआप वळतं. पण ज्याला वळता येत नाही, किंवा ज्याला कमरेखाली काही कळतच नाही, त्याचं ते नख कुणी सोडतच नाही. गादी आणि हाड यांच्या मधे कातडी तासन् तास चेपलेली. माकडहाड, खुबा, टाचा, घोटे, जिथे हाड वर आहे तिथे रक्त पोचत नाही आणि मांस मरतं. वरून एवढासा डाग, आत खड्डा. त्यात घाम, लघवीचा ओलावा, चादरीच्या सुरकुत्या, आणि उशाला उंच केल्यावर माणूस हळूहळू खाली घसरतो तेव्हा कातडीला बसणारी ओढ. आजारी माणसाला नुसती पेज पाजत राहिलं तर भरून काढायला अंगात काही शिल्लकही नसतं.

उपाय ऐकलात तर म्हणाल, हे काय, एवढंच? एवढंच. दर दोन तासांनी कूस बदला. एका कुशीवर जरा तिरपं, मग दुसऱ्या, मग पाठ. गुडघ्यांच्या मधे उशी. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी. कातडी रोज बघा. लाल दिसलं तर बोटाने दाबा. पांढरं होऊन परत लाल झालं तर वाचलात, लालच राहिलं तर आत काम सुरू झालंय. आणि आपल्या सावळ्या कातडीवर लाल दिसतच नाही, काळपट-जांभळट दिसतं, हाताला गरम नाहीतर कडक लागतं. एवढंच. पण "दर दोन तासांनी" हे तीन शब्द पाळणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात आहे त्यालाच विचारा.

लोक प्रेमापोटी काय काय करतात! रोह्याला एक रिटायर्ड गुरुजी होते. मुलाने हवेची गादी आणली, मशिनची, आपोआप फुगते-बसते ती. मी बघते तर तिच्यावर कापसाची गादी, तिच्यावर रबरी शीट, तिच्यावर गोधडी. सूनबाई म्हणाल्या, "नुसतीच कशी घालायची, टोचेल ना." शिवाय रात्री मशिन बंद. का? तर गुरुजींच्या घोरण्यात तिचा आवाज मिसळतो आणि सगळ्यांची झोप जाते. मी एकेक थर काढत गेले, कांदा सोलल्यासारखा, आणि गुरुजी खालून मुलाला म्हणतात, "चिरंजीव, आता मी राहिलो."

पण मला सांगायचंय ते कासू गावच्या बाळारामकाकांचं.

बाळारामकाका भातशेती करणारे, त्यामागून वाल घेणारे. साठीच्या जवळ, दंड अजून नांगरधऱ्याचे. उन्हाळ्यात आंब्यावरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. हलणं गेलं आणि कळणंही गेलं. घरी इंदूकाकी, मुलगा नितेश आणि सून प्रणाली. नितेश कंपनीत शिफ्टला. घर रेल्वे लाईनीच्या इतकं जवळ की गाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजतात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन तासांचं सगळं समजावलं, तक्ता करून भिंतीला लावला. पुढच्या आठवड्यात तक्त्यावर एकही खूण नाही. काकी म्हणाल्या, "सिस्टर, घड्याळाकडं बघायला येळ कुठं हाय?" तेवढ्यात गाडी गेली, भांडी वाजली, आणि प्रणाली उठून तांदूळ धुवायला लागली. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, "रोह्याची गाडी गेली ना. आता भात." मग लक्षात आलं, या घरात सगळंच गाडीवर चालतं. या गाडीला चहा, त्या गाडीला गुरांना पाणी. म्हटलं, सापडलं! बसून हिशोब केला. पॅसेंजर, एक्सप्रेस, मालगाड्या धरून दिवसभरात दोन-अडीच तासांनी काही ना काही जातंच. रात्रीचा गजर नितेशच्या मोबाईलवर. मी तक्ता फाडला आणि काकींना सांगितलं, "गाडी गेली की काकांची कूस बदला. बस."

आणि चाललं की! महिनोन् महिने चाललं. शेतात असल्या तरी गाडीचा आवाज आला की दोघींतली एक धावत येणार, काकांना वळवून परत जाणार. कातडी एकदम स्वच्छ. मी तर हवेत. डॉक्टरांना सांगितलं, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, आमच्या आईने शेजारणींना सांगितलं. काका मला म्हणायचे, "सिस्टर, मी आता टेशन झालोय. गाडी आली का झेंडा दाखवायचा न वळायचं."

त्यांचं एकच टुमणं असायचं, पोपटीचं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा वासाचा रानपाला घालायचा, त्यात शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. वरून पाल्याने तोंड दाबून बंद, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. कासूच्या त्या आळीत पोपटी बाळारामकाकाच लावणार, दुसऱ्या कुणी मडक्याला हात लावायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, कातडी अशीच राहिली तर थंडीत खुर्चीत बसायला हरकत नाही. काका रोज दिवस मोजत होते. "माझ्या मागारी ही पोरं मडकं जाळून ठेवतील," म्हणायचे.

मग कापणी आली. आणि नेमका त्याच दिवसांत मला ताप. पाच दिवस मी घरी. सहाव्या दिवशी कासूला गेले तर काकी नेहमीसारख्या पुढे आल्या नाहीत. काकांना कुशीवर वळवलं. कमरेखाली, माकडहाडावर, एक चुंबळ. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात ना, कापडाची गोल वळकटी, तीच. ती काढली तर कातडीवर तिचाच काळपट गोल वळ, आणि मधोमध उघडलेली जखम. तळाशी पिवळट थर. वास.

"काकी, हे काय?"

"भोकात अधांतरी राहील म्हणून ठेवली. तेलानं चोळत पण होते दिवसातून तीनदा."

कळतंय का, किती प्रेमाने झालं हे? पण चुंबळीचा गोल काठ चारी बाजूंनी रक्त अडवतो आणि मधली कातडी उपाशी मरते. रबरी ट्यूबचंही तेच, कित्येक घरांत असते. आणि काळवंडलेल्या जागी चोळलं की आतलं आधीच अर्धमेलं मांस आणखी फाटतं. हे मी काकींना आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं.

"पण सुरू कशी झाली? गाडीला वळवत होता ना?"

उत्तर प्रणालीने दिलं. "ताई, त्या दिवशी गाडीच आली नाय. लाईनीवर काम होतं. सकाळची गेली ती गेली. आमी आपलं कापतोय न कान गाडीकडं. दिवस कलला तवा मी म्हटलं, आई, गाडी कुठं गेली गो?"

"दिवसभर पाठीवर?"

"तुमीच तर सांगितलंवतं," काकी हळूच म्हणाल्या, "गाडी गेली का."

मी सांगितलं होतं. तक्ता मीच फाडला होता. गाडी नाही आली तर काय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. या लाईनीवर राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे येऊ नये? मी तर स्टेशनात तासन् तास ताटकळलेली मुलगी!

"आणि काका, तुम्ही? तोंड तर शाबूत आहे ना? हाक का नाही मारलीत?"

काका भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "मला ठावं होतं गो गाडी चुकली ती. पण आभाळ आलंवतं. भात अर्धं उभं. हाक मारली असती तर दोघी धावल्या असत्या, भात भिजलं असतं. आन दुखत तर काय नव्हतं."

दुखत नव्हतं. मला वाटतं या आजाराचं सगळं दुष्टपण त्या दोन शब्दांत आहे.

काकांना पेणला आणलं. डॉक्टरांनी मेलेला भाग कापून काढायला घेतला. काकांना काही कळत नव्हतं, पालथे पडून ते डॉक्टरांनाच विचारत होते, "सायेब, पोपटीत अंडं कच्चं घालतात का उकडून, सांगा बघू." डॉक्टर म्हणाले, "बाळारामकाका, जखम अजून खाली हाडाला भिडली तर मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागेल. विष अंगात पसरलं तर जीवावरचं आहे. आजपासून बसणं बंद. पाठ बंद. फक्त दोन कुशी."

"किती दिस?"

"ते जखम सांगेल."

"माघापतुर सांगंल का?"

डॉक्टर हात धुवायला गेले.

घरी आणल्यावर मी एक गोष्ट केली जी एरवी करत नाही. जखमेचा फोटो काढून काकांना दाखवला. स्वतःची पाठ कुणाला दिसते? ते बराच वेळ मोबाईल धरून बसले, म्हणजे पडले. "ह्यो माझा हाय?" म्हणाले. "लिंबू जाईल की यात." मग काकींकडे बघून, "तुला रोज ह्यो बघावा लागतो?" काकींनी पदराने मोबाईलची काच पुसली, उगाचच.

आता नवीन व्यवस्था हवी होती. मी म्हटलं, गाडी नको, तक्ता नको, मोबाईल नितेशबरोबर कंपनीत जातो. ज्याला दिवसभर दुसरं काम नाही त्यानेच वेळ बघायची. नितेशने स्वतःचं लग्नातलं घड्याळ काकांच्या मनगटाला बांधलं. पण दर दोन तासांनी शेतापर्यंत ओरडणार किती? तेव्हा काकी आत गेल्या आणि खुंटीवरून बैलाच्या गळ्यातली घंटा घेऊन आल्या. बैल विकला होता, घंटा राहिली होती. ती त्यांनी खाटेच्या डोक्याशी टांगली.

काका भडकले. "मी काय बैल हाय?"

"बैल बरा," काकी म्हणाल्या. "मान हलवून सांगायचा तरी."

पहिला आठवडा घंटा वाजेचना. वेळ झाली की काका घड्याळाकडे बघत, घंटेकडे बघत आणि हात मागे घेत. बायकांना कामातून उठवायचं त्यांच्या जिवावर यायचं. शेवटी काकींनी नियम केला, घंटा नाय तर चाय नाय. चहाने काम केलं. दुसऱ्या आठवड्यात इतकी वाजायला लागली की शेजारचे म्हणायचे, बाळाराम, देऊळ उघडलंस काय? कुशीला घंटा, पाण्याला घंटा, माशी बसली की घंटा.

बाकीचं माझं काम. भाड्याने हवेची गादी आणली, वर फक्त एक चादर, सुरकुती दिसली तर प्रणालीला माझे डोळे आठवायचे. जखम रोज डॉक्टरांनी दिलेल्या सलाईनने धुवायची. हळद नाही, स्पिरिट नाही, कुणाच्या मामाने सांगितलेली पावडर नाही. वरून मलमाची पट्टी, कारण जखम वाळवायची नसते, किंचित ओलसर ठेवली की आतून मांस भरतं. हे लोकांना पटतच नाही, सगळे म्हणतात वारा लागू द्या. पेज बंद. दोन वेळा अंडी, डाळ, कडवे वाल, बाजार असेल तेव्हा मासे. हे ऐकून काका खूश. "शेंगा न अंडी? म्हंजी पोपटी औषादच की! लिवून द्या सिस्टर, डाक्टरचा शिक्का मारून."

दर व्हिजिटला त्यांचा एकच प्रश्न, "आज केवढी?" महिनाभर मी म्हणत होते, तेवढीच. खोटं बोलवत नव्हतं. मग एक दिवस पट्टी काढली तर तळ लालबुंद, डाळिंबाचे दाणे मांडल्यासारखा. मी ओरडलेच, "काकी, या लवकर!" आमच्या धंद्यात याहून सुंदर दृश्य नाही. तुम्हाला किळस येईल, मला नाचावंसं वाटतं. त्यानंतर लिंबाची सुपारी झाली. पौषात, वालाच्या शेंगा भरत होत्या तेव्हा, सुपारीचा पावटा झाला. आणि माघात एक दिवस मी बोटाने चाचपलं, आणि बंद! पातळ, गुलाबी, नवी कातडी. डॉक्टर स्वतः कासूला आले. म्हणाले, खुर्चीत बसा, पण ही मी आणलेली बसायची गादी खाली घेऊन आणि अर्धा तास, मिनिटभरही जास्त नाही. मधे मधे हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. ही कातडी अजून कच्ची आहे, परत उघडली तर पहिल्यापासून.

"अर्ध्या तासात मडकं भाजत नाय सायेब."

"मग मडक्याला सांगा घाई करायला."

पोपटीच्या संध्याकाळी मलाही बोलावणं होतं. कापलेल्या शेतात पंधरावीस माणसं. नितेश आणि त्याच्या मित्राने काकांना खुर्चीसकट उचलून आणलं. खाटही बाहेर आणून ठेवली होती आणि घंटा खुर्चीच्या दांड्याला बांधलेली. मडकं काकांच्या पुढ्यात. त्यांनी पाला लावला, शेंगांचा थर, मीठ, ओवा, अंडी कडेने, प्रत्येक गोष्ट हाताने दाबून. मधेच थांबायचे, दोन्ही हातांनी खुर्चीवर जोर देऊन अंग उचलायचे, परत मडक्यात हात. सगळे बघत होते. तोंड बंद झालं, मडकं उपडं झालं, पेंढा पेटला.

मागून गाडी गेली. काकी, प्रणाली, मी, कुणीच उठलं नाही.

मी घड्याळ बघत होते. नितेशने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र वाजलं की भाजलं समजायचं, पण अजून नीट वाजत नव्हतं. पोरं म्हणाली, थोडंसंच राहिलंय काका, थोडंसंच. अर्धा तास भरत आला. मला माहीत होतं, मी म्हटलं असतं तर काकांना लगेच हलवलं असतं. पण मी जीभ आवरून बसले. मी रोज इथे नसणार. हा माणूस भातासाठी दिवसभर गप्प पडून राहिला होता. आणि हे तर मडकं होतं, वर्षभराने पुन्हा हाती आलेलं. पुन्हा पाणी शिंपडलं. चर्र! सगळे उठले, कुणी पोती आणली, कुणी काठी, मडकं उलथायला हात पुढे झाले. काकांनी मनगटाकडे बघितलं.

मग घंटा वाजली. जोरात, दोनदा.

"आरं ते ठेवा खाली! मला उचला आधी. येळ झाली."

पोरं मडकं तिथेच टाकून आली. चौघांनी काकांना उचललं, खाटेवर कुशीवर घातलं, काकींनी न सांगता गुडघ्यांच्या मधे उशी सरकवली. मी पटकन बोटाने जागा दाबून बघितली. पांढरी झाली, परत गुलाबी झाली.

मडकं उघडलं तेव्हा काका कुशीवर होते, गाल उशीला, डोळे वाफेकडे. पहिली शेंग काकींनी सोलून त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी चावली, सगळ्या आळीला थांबवून ठेवलं, आणि म्हणाले,

"मीठ जरा कमी पडलं. घाईत भरलं ना. पुढल्या टायमाला भरताना एकदा बसवा, उघडताना परत."